चार दिव्यांचं कपाट

सांगली, २३ सप्टेंबर १९७४

आज कारखान्यात टेलिफोन घ्यायचं ठरलं. बाहेरचा एक आहेच, थोरल्या मालकांच्या टेबलावर. तो वाजला की अर्धं ऑफिस उभं राहतं. हा त्यातला नव्हे. हा कारखान्यातल्या कारखान्यात बोलायचा, आणि मधे जोडून द्यायला माणूस लागत नाही. आपणच चकती फिरवायची, दोन आकडे, की आवाराच्या दुसऱ्या टोकाला घंटा. कंपनीचा विक्रेता 'स्वयंचलित, स्वयंचलित' असं इतक्या वेळा म्हणाला की एखाद्या स्तोत्राची फलश्रुती ऐकतोय असं वाटलं.

थोरले मालक लालासाहेब मला म्हणाले, "शास्त्री, हे काम तुमच्याकडं. कुणाला कुठला नंबर, तारा कुठनं, समदं तुमी बघायचं. दिवाळीच्या पाडव्यापर्यंत चालवून बघू. तुमी बरं हाय म्हणून लिहून दिलं तर ठेवायचं. न्हाईतर कंपनीला म्हणायचं, उचला."

वाईच्या पाठशाळेत मी न्याय आणि धर्मशास्त्र शिकलो. त्याचं फळ म्हणून या कारखान्याचा पत्रव्यवहार लिहितो: उसाचे चरक, नांगर, गुळाच्या काहिली, 'आपले कृपापत्र पावले'. पण माझं खरं काम निराळंच आहे. मालक दोघे भाऊ. लालासाहेब फाटकाजवळच्या ऑफिसात, धाकटे हंबीरराव मागच्या अंगाला भट्टीवर, आणि दोघांत सात वर्षं अबोला. एका खंडेनवमीला भट्टीची पूजा चालली होती. थोरले चारचौघांत म्हणाले, "पलटणीत बंदूक धरलीस तू, धंद्यातलं तुला काय कळतंय?" धाकट्यांनी तिथल्या तिथे गुलाल उचलून जोतिबाची शपथ घेतली की ह्याच्यासमोर उभा राहून पुन्हा बोलणार न्हाई. आपण मागे राहू नये म्हणून थोरल्यांनीही तीच घेतली. तेव्हापासून एकाचं दुसऱ्याला पोचवायचं ते मी. दूर असले तर चिठ्ठीने, समोरासमोर असले तर तोंडी. "शास्त्री, त्यांस्नी सांगा." लोकांच्या घरात अबोला असला की भिंतीला सांगतात. इथे भिंतीला पगार आहे.

काल थोरले म्हणाले, "त्या रेड्याला म्हणावं, कोळसा काय बापानं साठवून ठिवलाय?" मी लिहिलं, 'कोळशाच्या विनियोगाबाबत फेरविचार व्हावा, ही विनंती.' धाकट्यांनी चिठ्ठी वाचली आणि मला विचारलं, "रेडा म्हनलं का बैल?" हे त्यांना कसं कळतं, देव जाणे.

असो. वीस यंत्रं येवोत की चाळीस, हे दोघे काही एकमेकांशी त्यावर बोलणार नाहीत. माझी चिठ्ठी अबाधित आहे. तरी आज उगीचच चारदा उठून पाणी प्यालो.


२८ सप्टेंबर

साताऱ्याला जाऊन आलो. तिकडे एका कारखान्यात असंच यंत्र बसवलंय. कसं चालतं ते बघून या म्हणाले. यंत्र उत्तम चालतं. माणसं चालत नाहीत. तिथल्या एकाही साहेबाने माझ्यासमोर चकतीत बोट घातलं नाही. ते काम शिपायाचं. या खोलीतला शिपाई फिरवतो, त्या खोलीतला शिपाई उचलतो, आणि मग:

"साहेब आलं का लाईनवर?"

"आमचं हायेत. तुमचं आलं का?"

"तुमचं आधी येऊ द्यात की."

"का म्हणून? फोन तुमी केलाय."

जो आधी बोलेल तो लहान. दोन्ही साहेब आपापल्या खोलीत हात पुढे करून बसलेले, आणि दोन्ही रिसीव्हर शिपायांच्या कानाला. स्वयंचलित यंत्राला दोन माणसं लागतात हे विक्रेत्याने सांगितलं नव्हतं.

परतीच्या एस.टी.त मलकापूरचे एक गृहस्थ शेजारी बसले. फोनचं ऐकून म्हणाले, "म्हंजे घरातल्या घरात फोन? मग हाक का मारत न्हाईत?"

कंपनीची पुस्तिका उघडून पाहिली. या शंकेचं समाधान तीत नाही.


४ ऑक्टोबर

यंत्राची पेटी आली ती नेमकी पितृपक्षात. थोरले म्हणाले, "सर्वपित्री होईस्तवर हात लावायचा न्हाई." हे सांगायला भट्टीवर गेलो तर मी तोंड उघडण्याआधीच धाकटे म्हणाले, "सर्वपित्री होईस्तवर हात लावायचा न्हाई म्हणावं." माझ्याशिवाय त्यांचं एकमत झालेलं मी प्रथमच पाहिलं. जरा चमत्कारिकच वाटलं.

कंपनीने पाठवलेला माणूस जोतीराम, कोरेगावकडचा, पलटणीत सिग्नलमध्ये होता. पेटीवर बसून विड्या ओढतोय. "शास्त्रीजी, बर्फात लाईन टाकली, गोळीबारात टाकली. पितरांनी कवा अडवलं न्हाई."

मी म्हटलं, "तिथे पितर येत नसावेत. थंडी फार."

"यायला कशाला पायजेत? तिथं नवीन तयार व्हत हुते," तो म्हणाला आणि दुसरी पेटवली.

यंत्राचं कपाट माझ्या खोलीत बसणार आहे. खिडकीपाशी, कारण त्याला वारा हवा. माझं फायलींचं कपाट कोपऱ्यात. मला वारा नको असावा.


१७ ऑक्टोबर

काल घट बसले आणि पेटी उघडली. करड्या रंगाचं लोखंडी कपाट, आत ओळीने यंत्रं, दारावर चार छोटे दिवे. एका वेळी चारच जोड्या बोलू शकतात. बोलणं चालू असलं की त्या जोडीचा दिवा लागतो. पाचव्याला नुसतं टूं टूं.

नंबर वाटले. लालासाहेबांना एकवीस. धाकटे म्हणाले, "भट्टीला शेवटचा द्या, चाळीस. सगळ्यांचं झालं की आमचं." मग त्यांनी चकतीत बोट घालून पाहिलं. गेलं नाही. ओतकामात जाडजूड झालेलं बोट ते. साच्यातला एक लांब खिळा घेऊन त्यांनी चकती फिरवून पाहिली आणि खिळा जपून फोनशेजारी ठेवला.

मी निघालो तर म्हणाले, "शास्त्रीबुवा, एक इचारू? आमच्या पलटणीतला एक गडी हाय, मेढ्याकडचा. त्याची शपथ हाय, एका माणसाच्या समोर उभं राहून बोलायचं न्हाई म्हणून. आता त्यानं फोनवर बोललं तर शपथ मोडती का वो?"

किती दिवसांनी मला कुणी माझ्या विद्येतलं काही विचारलं! नाहीतर 'काहिलीचा व्यास कळवावा' यात आयुष्य चाललंय. मी तिथल्या खोक्यावर बसलोच. म्हटलं, समोर उभं राहणं हे नुसतं निमित्त. शपथेचा गाभा बोलणं. वाणी म्हणजे प्रत्यक्ष वक्ताच. ती तारेतून गेली काय आणि वाऱ्यातून गेली काय. सबब, मोडते.

"मोडती?"

"निःसंशय."

हंबीरराव भट्टीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "आन नुसतं ऐकलं तर?"

"ऐकायला दोष नाही. शपथ बोलण्याची आहे, श्रवणाची नव्हे."

"म्हंजे ऐकाय चालतंय."

"खुशाल ऐकावं."

मेढ्याच्या गड्याचं काम झालं. दिवसभर मन प्रसन्न होतं.


२० ऑक्टोबर

गंमत पाहा. आज लालासाहेबांनी दार लोटून घेतलं आणि विचारलं, "शास्त्री, आमचं एक पावणं हायेत. त्यांची एका माणसासंगं शपथ हाय..." हुबेहूब तोच प्रश्न! शास्त्रार्थात सुसंगती हवी. मीही हुबेहूब तोच निर्णय दिला. बोललं तर मोडते, ऐकलं तर नाही. लालासाहेब पेपरवेट फिरवत म्हणाले, "लय कडक हाय तुमचं शास्त्र."

मी म्हटलं, "मऊ असतं तर टिकलं नसतं."

या भागात शपथांचा एवढा सुळसुळाट असेल अशी कल्पना नव्हती. यावर एक लेख लिहावा काय?


दसरा

यंत्र सुरू झालं. जोतीरामने कपाटाला झेंडूची माळ घातली, हंबीररावांच्या भट्टीतून अंगारा आला, लालासाहेबांकडून नारळ. दोघे आपापल्या जागी. मी मधे आवारात उभा, दोन्हीकडून खूण मिळाली तेव्हा हात वर केला.

मग जे झालं त्याला संभाषण म्हणवत नाही. प्रत्येकजण इतक्या मोठ्याने बोलत होता की फोनची गरज नव्हती. शिवाय कोणी नाव सांगेना.

"कोन?"

"मी."

"मी कोन?"

"आवाज वळखीना व्हय रं?"

कोठीवरच्या आप्पासोंनी सगळ्यांना एकेकदा फोन करून 'मी' एवढंच सांगितलं. सगळ्यांनी ओळखलं. तेव्हापासून ते खूश आहेत.


३१ ऑक्टोबर

आज एकही चिठ्ठी नाही. कालही नव्हती. साच्याचं काम, कोळसा, मालमोटार, सगळं लोक आपापसांत फिरवतात. बरं झालं, हात दुखायचा. कपाट मात्र शेजारी दिवसभर टकटक करतं. वाचू लागलो की टकटक, डोळे मिटले की टकटक. लोकांचं बोलणं माझ्या कानाजवळून जातं आणि मला एक अक्षर कळत नाही. टाक बदलला, खुर्ची बदलली. काही उपयोग नाही.

तक्रार एकच, पण रोजची. दुपारच्या जेवणानंतर फोन लागत नाहीत. आप्पासो येऊन म्हणाले, "शास्त्रीबुवा, तीन वाजलं की नुसतं टूं टूं. तुमचं यंतर वामकुक्षी करतंय का?" पाहिलं तर खरंच, तीनच्या सुमाराला एक दिवा लागतो तो तासभर विझत नाही. उरलेल्या तीन जोड्यांत सगळा कारखाना. जोतीराम आत वाकून म्हणाला, "एकवीस आन चाळीस लागलेत."

मी हसलो. म्हटलं, "अशक्य. नीट बघ."

"शास्त्रीजी, कदी एकवीस चाळीसला लावतंय, कदी चाळीस एकवीसला. लाईन झूट बोलत न्हाई."

लाईन बोलत नसेल. चकती बोलत असेल. खिळ्याने फिरवलेली चकती कुठलाही नंबर जोडेल. मी नोंद केली: 'यंत्र चुकीचे नंबर जोडते.'


२ नोव्हेंबर

आज तीन वाजता जोतीरामने कपाटाला तपासणीचा रिसीव्हर लावून माझ्या कानाशी दिला. ऐकलं. बोलणं काहीच नाही. एका बाजूने पंख्याची घरघर, दुसऱ्या बाजूने भट्टीचा ब्लोअर. मधूनच खोकला. मग इकडून खुर्चीचा आवाज. मग पुन्हा पंखा.

"डेड न्हाई," जोतीराम म्हणाला. "पर बात बी न्हाई. असला फॉल्ट मी पलटणीत बी बघितला न्हाई."

निष्कर्ष उघड आहे. यंत्र आपोआप चुकीचा नंबर जोडतं, आणि दोघे मालक रिसीव्हर नीट ठेवत नाहीत. पैकी पहिला दोष कंपनीचा. दुसऱ्यावर मी परिपत्रक काढलं: 'संभाषण संपताच श्रवणयंत्र स्वस्थानी ठेवण्याची कृपा करावी.' लालासाहेबांना तोंडीही सांगितलं. ते म्हणाले, "ठेवतो की." हंबीरराव म्हणाले, "संपल्यावर ना? संपल्यावर ठेवतो."

दुपारी दिवा लागलेलाच.


५ नोव्हेंबर

आज मोठी गोष्ट झाली. लालासाहेबांनी बोलावून दार लावलं. म्हणाले, "लिहा. भट्टी त्यांची, ऑफिस आन दुकानदारी आमची. कारखाना पाडव्यापासून दोन. वकिलानं तसंच सांगितलंय. किती वर्षं भिंतीसंगं बोलायचं? त्यांस्नी कबूल आसंल तर सही करतील." मग थोडं थांबून, "चांगलं लिहा. तुमच्या पद्धतीनं. पाडव्याला सकाळी द्या हातात."

मी म्हटलं, "आपण एकदा विचार..."

"इचार मी रोज करतो. तासभर."

मला कळलं नाही. त्यांची नजर फोनवर होती, म्हणजे माझ्यावर नव्हती.

कारखाना दोन झाला तर हे कपाट कोणाच्या वाटणीला, आणि मी कोणाच्या? हा प्रश्न मनात आला खरा. पण पत्राला बसलो. मसुदा पहिला जमला नाही, दुसरा बरा. तिसरा वाचताना माझेच डोळे भरून आले. इतकी वर्षं कोळशावर लेखणी झिजली. हे एक पत्र अखेर लेखणीच्या तोलाचं मिळालं.


६ नोव्हेंबर

सौ.ला पत्र वाचून दाखवलं. चकलीचं पीठ मळताना तिने शेवटपर्यंत ऐकलं. म्हणाली, "छान आहे. पण अहो, भाऊ वेगळे होणार म्हणून तुम्ही एवढे खुलून का वाचताय?"

मी विषय बदलला. फोनच्या दोषाचं सांगितलं. रोज तीन वाजता, खोकला, पंखा वगैरे.

"बोलत असतील दोघं," ती म्हणाली.

"बोलतील कसे? सात वर्षं मी..."

"मग न बोलत असतील."

"न बोलायला फोन कशाला लागतो?"

"आपल्याला नाही लागत," ती म्हणाली आणि सोऱ्या माझ्या हातात दिला.

बायकांना यंत्रातलं समजावणं कठीण.


८ नोव्हेंबर

आजचं क्रमाने लिहितो.

कंपनीला द्यायच्या अहवालासाठी दोष पक्का करायचा होता. तीनला दिवा लागला. जोतीराम म्हणाला, "ह्या जोडीचा फ्यूज काढू का? लाईन सुटंल. कुठं गडबड हाय कळंल तरी."

मी म्हटलं, "काढ."

त्याने काढला. दिवा विझला. मी घड्याळाकडे बघून नोंद करणार, तेवढ्यात ऑफिसचं दार आपटलं. लालासाहेब बाहेर आले, पायात एकच चप्पल. आवारातून भट्टीकडे निघाले. चालत नव्हते, धावत होते म्हणायला हवं; फक्त त्या वयात ते धावण्यासारखं दिसत नाही. मी मागे. आणि समोरून, कोळशाच्या ढिगाला वळसा घालून, हंबीरराव येत होते. हातात तो खिळा.

ढिगापाशी दोघे थबकले. मी मधे. सवयच आहे.

लालासाहेबांना दम लागला होता. माझ्याकडे बघून म्हणाले, "शास्त्री, त्यांस्नी इचारा, फोन का ठेवला?"

हंबीरराव माझ्याकडे बघून म्हणाले, "म्या न्हाई ठेवला म्हणावं. मला वाटलं त्यांनीच ठेवला. आजपास्नं बंद केलं म्हणून."

"खोकत हुते. आन मधीच बंद पडलं. मला वाटलं भट्टीपाशी पडलं का काय."

"बरा हाय म्हणावं. खोकला धुराचा हाय. त्यांच्या पायात चप्पल न्हाई म्हणावं, इथं खिळं पडल्यात."

माझ्याजवळ पोचवायला काहीच नव्हतं. दोघांनी दोघांचं ऐकलं होतं. मी नुसता मान इकडून तिकडे वळवत उभा राहिलो. हंबीररावांनी स्वतःची चप्पल काढली, ती माझ्या पायाशी सरकवली आणि भट्टीकडे निघून गेले. मी ती लालासाहेबांच्या पायाशी सरकवली. एवढं एक काम मी आज केलं.

परत आलो तर जोतीराम फ्यूज घेऊन उभा. म्हणाला, "काय फॉल्ट सापडला का, शास्त्रीजी?"

म्हटलं, "बसव परत."


९ नोव्हेंबर

मेढ्याचा गडी! आणि ते पाहुणे... छे, कुठले तेही मी विचारलं नव्हतं.

'खुशाल ऐकावं' असं सांगणारा मी. त्या दोघांनी रोज तासभर, माझा निर्णय अक्षरशः पाळून, खुशाल ऐकलं. आणि मी परिपत्रक काढलं.

सकाळपासून पोथ्या काढून बसलोय. बसलोय म्हणजे उठतोय, फिरतोय, पुन्हा बसतोय.

सौ. म्हणाली, "काय शोधताय?"

"पळवाट."

"धर्मशास्त्रात असते?"

"धर्मशास्त्र म्हणजे दुसरं काय असतं?"

पण दिलेला निर्णय फिरवायचा तर आधार हवा. उगीच 'मागचं विसरा' म्हटलं तर हे दोघे ऐकायचे नाहीत. शपथेच्या बाबतीत ते माझ्याहून कर्मठ आहेत. आणि पाडवा आला. पत्र तयार आहे, पाकिटात.


११ नोव्हेंबर

आधी ऑफिसात गेलो. म्हटलं, "साहेब, त्या पाहुण्यांच्या शपथेचं पुन्हा पाहिलं."

लालासाहेबांनी पेपरवेट खाली ठेवला.

"ऐकणं निर्दोष, हे तर ठरलंच आहे. पण कोणी बोलल्याशिवाय ऐकणार काय? तेव्हा फोनवर बोलणं हे ऐकण्याचंच अंग झालं. मुख्य गोष्ट निर्दोष असेल तर तिच्या अंगाला वेगळा दोष लागत नाही. समोर उभं राहून बोलले तर शपथ मोडेल. तारेवर नाही."

त्यांनी पेपरवेट पुन्हा उचलला. मग म्हणाले, "मागल्या खेपंला तुमी मोडती म्हनला हुता."

"मागल्या खेपेला पोथी उभ्या उभ्या पाहिली होती."

"हं. पावण्यास्नी कळवतो."

मग भट्टीवर. हंबीररावांनी सगळं ऐकून घेतलं, दोनदा. दुसऱ्यांदा ऐकताना हसू मिशीत लपवत होते, तेव्हा मला शंका आली की या माणसाला पळवाट कळते. पण त्यांची अडचण पुढची. "गडी लय खूश हुईल. पर शास्त्रीबुवा, आधी कोन बोलायचं?"

सातारा आठवला. म्हटलं, "धाकट्याने आधी नमस्कार करावा. थोरल्याने आधी खुशाली विचारावी."

"मग दोगांनी एकदम?"

"एकदम. त्यात कोणी लहान होत नाही."

तीन वाजले. कपाटात टकटक झाली आणि दिवा लागला. जोतीरामने तपासणीचा रिसीव्हर लावून माझ्यापुढे धरला. "ऐका की, शास्त्रीजी. तुमचाच फॉल्ट हाय."

सात वर्षं या दोघांमधला एक शब्द माझ्या हातून गेल्याशिवाय पुढे गेला नव्हता. मी हात पुढे केलाही. मग म्हटलं, "काढून ठेव तो," आणि बाहेर आवारात जाऊन उभा राहिलो. टपरीकडे निघालो, परत फिरलो, पुन्हा निघालो. आत बसवेना, बाहेर उभं राहवेना. आवार शांत. बराच वेळ शांत. मला वाटलं, गेलं. आजही पंखा आणि ब्लोअर.

आणि मग ऑफिसाच्या खिडकीतून आवाज फुटला: "आन ते चरकाच्या लाटेचं ओतकाम कुनी इस्कटलं? मी?"

भट्टीकडून तितकाच: "मग काय मी? तुमी कच्चा माल कसला घेतला हुता त्या साली!"

"माल काढू नगंस, हंबीर!"

"काढनार! दादा, सात वरसं साठवलंय!"

मी आवाराच्या मधोमध उभा होतो. डाव्या कानाला थोरले, उजव्या कानाला धाकटे. दोघांच्या तोंडचे शब्द जसेच्या तसे, त्यात माझा एकही नाही. कोठीतून आप्पासो बाहेर आले, घाबरून म्हणाले, "शास्त्रीबुवा, जावा की मधी! भांडाय लागल्यात!"

म्हटलं, "लागू द्या. फोनवर आहेत."


१३ नोव्हेंबर

लालासाहेबांनी बोलावलं. मी पाकीट घेऊन गेलो. म्हटलं, "पाडव्याचं पत्र."

"द्या हिकडं." घेतलं, न उघडता उभं आडवं फाडलं आणि टोपलीत टाकलं. "आमचं ठरलं."

"काय ठरलं?"

"ठरलं ते. तुमाला कशाला पायजे? हंबीरला इचारा."

हंबीररावांना विचारलं. ते म्हणाले, "दादास्नी इचारा."

कारखाना एकच राहणार एवढं कोठीवरून कळलं. बाकी कोणत्या अटीवर, कोण आधी नमलं, त्या ओतकामाचं काय झालं, मला ठाऊक नाही. आणि ते विचारायचं कुणाला, हेही कळत नाही.

कंपनीचा कागद भरला. 'दोष असल्यास नमूद करावा' यापुढे लिहिलं: नाही. जोतीराम उद्या कोरेगावला जातो, दिवाळीला. निघताना त्याने कपाटाला हात लावून नमस्कार केला आणि मला सलाम.

ऑफिसात कोणी नसताना टोपलीतले तुकडे जुळवून पाहिले. 'बंधुत्वाचे नाते हिशेबाने तुटत नसते' हे वाक्य मधोमध फाटलं आहे. इतकी वर्षं लिहितोय, पण याहून चांगलं पत्र माझ्या हातून उतरलेलं नाही.